कुरवांची शीट, जंतांची अंडी आणि खाण्याचा माग: हर्णै–आंजर्ले, हिवाळा २०२४-२५

३ नोव्हेंबर २०२४

कुरव (सीगल) आले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै बंदराच्या पुळणीवर संध्याकाळच्या लिलावाला आता मोठा थवा असतो. बहुतेक तपकिरी डोक्याचे, त्यांत काळ्या डोक्याचे मिसळलेले. म्हणजे कामाला लागायला हवं, मार्चअखेर हे परत निघतील.

काम असं आहे: शिटेत कोणत्या जंतांची अंडी सापडतात ते बघायचं आणि त्यावरून कुरवांच्या खाण्याबद्दल काही सांगता येतं का ते तपासायचं. समुद्रपक्ष्यांच्या आतड्यातले बहुतेक जंत खाण्यातूनच येतात. पर्णकृमी म्हणजे पानासारखा चपटा जंत, त्याचं पिल्लू आधी गोगलगायीत वाढतं, मग मासा, कुर्ली किंवा शिंपल्यात दडून बसतं. फीतकृमी आणि गोलकृमी बारीक कवचधारी जीवांतून आणि माशांतून येतात. ते भक्ष्य पोटात गेलं नाही तर तो जंतही होत नाही.

पक्षी पकडायचा नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला परवानगी लागते, आणि या कामाला त्याची गरजही नाही. मेलेला पक्षी दिसला तर हात लावायचा नाही. बर्ड फ्लूची शक्यता असते, म्हणून वनखात्याला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. अकरावीतली दोन मुलं मदतीला आहेत, त्यांना पहिल्या दिवशी एवढंच दोनदा सांगितलं. हातमोजे आणि मास्क सक्तीचे.

सामान: जुना सूक्ष्मदर्शक (७,००० रुपये, ४० आणि १०ची भिंगं चांगली आहेत), मोजपट्टी कोरलेली काच (५५० रुपये), झाकणाच्या लहान बाटल्या, फॉर्मेलिन, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. बाजारातलं फॉर्मेलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग, की दहा टक्क्यांचं होतं. नमुना त्यात महिनोन्महिने टिकतो. डीएनएसाठी अल्कोहोल लागतं, पण ते विकत घ्यायला परवाना लागतो. त्यामुळे यंदा डीएनए नाही.

मोजपट्टीच्या काचेवर काटकसर करू नका. अंड्याचा आकार मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजता आला नाही तर पुढचं सगळं काम वाया जातं.

८ नोव्हेंबर

पुळणीवरची शीट जवळपास निरुपयोगी. ओल्या वाळूत ती लगेच मुरते आणि काडीवर निम्मी वाळूच येते. शिवाय वाळूतले स्वतंत्र राहणारे बारीक सूत्रकृमी आणि त्यांची अंडीही नमुन्यात शिरतात. ते पक्ष्याच्या पोटातले नव्हेत, पण काचेखाली बघणाऱ्याला ते कळणार कसं?

उपाय मावशींनी सुचवला. त्या लिलावाच्या जागेशेजारी बोंबील आणि मांदेली वाळवतात. म्हणाल्या, "बाई, वाळूत कशाला वाकता? त्या ओढून ठेवलेल्या होडीच्या काठावर बघा, सकाळी सगळी पांढरी असते." खरंच होतं ते. होडीचा काठ, पालथे पडलेले क्रेट, निळी ताडपत्री इथली शीट स्वच्छ मिळते. आधीची जुनी शीट आदल्या संध्याकाळी पुसून टाकायची, मग सकाळची ताजी कोणती ते ओळखता येतं. मावशींच्या मुलाने होडीचा काठ वापरू दिला आणि तो धुऊन देण्याचं काम आमच्याकडे आलं.

कोणाची शीट हा दुसरा प्रश्न. थवा उठवायचा नाही, दुर्बिणीतून बघत बसायचं. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखांची टोकं काळी आणि त्यांत पांढरे ठिपके, प्रौढाचा डोळा फिकट. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी आणि डोळा गडद. ज्या काठावर एकाच जातीचे पक्षी बसलेले स्वतः पाहिले, त्याच काठावरची शीट घ्यायची. मिश्र थव्याची सोडून द्यायची. यात सकाळ जाते आणि हाती मोजक्या बाटल्या लागतात, पण याला दुसरा मार्ग सापडलेला नाही.

१४ नोव्हेंबर

मिठाच्या पाण्याची पद्धत. मिठाचं संपृक्त द्रावण पाण्यापेक्षा जड असतं (घनता सुमारे १.२०), त्यात हलकी अंडी वर तरंगतात आणि काचेला चिकटतात. लिटरभर पाण्याला साधारण ३६० ग्रॅम मीठ. खडेमीठ स्वस्त, पण त्यात माती असते, म्हणून उकळून दुपदरी फडक्याने गाळलं. घनता तपासायला गॅरेजमधला बॅटरीचा हायड्रोमीटर मागून आणला. त्यावर ११०० ते १३०० अशा खुणा असतात, आपल्याला १२००ची खूण पुरते. महागडं उपकरण घ्यायची गरज नाही.

निकाल निराशाजनक. काचेखाली पांढरे कण, तेलाचे थेंब, काही एकपेशीय परजीवींच्या पुटिका आणि गोल गोल चमकदार दाणे. मुलांना वाटलं अंडी सापडली. आयोडीनचा थेंब सोडल्यावर दाणे निळे-काळे झाले, म्हणजे पिठाचे कण. पर्यटक गाठ्या आणि शेव टाकतात, ती अशी शिटेतून दिसते. आयोडीनची बाटली तीस रुपयांना मिळते, ती पहिल्या दिवसापासून शेजारी ठेवा.

पांढरा चुरा म्हणजे युरिक आम्ल. पक्ष्याची लघवी आणि विष्ठा एकत्रच पडते. हा चुरा पाण्यात विरघळत नाही आणि अंडी झाकतो. शिटेचा काळपट-तपकिरी भाग तेवढा काडीने घेतला तर चुरा निम्म्याने कमी होतो.

२३ नोव्हेंबर

पर्णकृमींची अंडी जड असतात, मिठाच्या पाण्यात तरंगत नाहीत. शिवाय झाकणवाली अंडी त्या खारटपणात चेपतात. त्यामुळे गेल्या आठवड्याचं "काही नाही" हे खरं उत्तर नव्हतं. आता उलटी पद्धत: साध्या पाण्यात ढवळा, चहाच्या गाळणीतून गाळा, उंच पेल्यात पाच मिनिटं ठेवा, वरचं पाणी ओता, पुन्हा पाणी भरा. वरचं पाणी नितळ होईपर्यंत असंच. तळाचा गाळ काचेवर घ्या.

आज पहिलं खरं अंडं दिसलं. लांबट, सोनेरी-तपकिरी, सुमारे शंभर मायक्रॉन, एका टोकाला डब्याच्या झाकणासारखं झाकण. मग एकामागून एक दिसत गेली. मुलं जेवायला उठेनात.

कोणत्या जातीचं, हे अंड्यावरून सांगता येत नाही. एवढी मोठी झाकणवाली अंडी पर्णकृमींच्या बऱ्याच कुळांत असतात. त्यांतला डिप्लोस्टोमम हा कुरवांच्या आतड्यात राहणारा, आणि त्याचं पिल्लू गोड्या पाण्यातल्या माशांच्या डोळ्यात असतं. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांवर वीण करून इथे येतात. तेव्हा नोव्हेंबरमधलं हे अंडं हर्णैच्या मासळीचं नसून तिकडच्या तळ्यातल्या खाण्याचं असू शकतं. वहीत "मोठं झाकणवालं" एवढंच लिहिलं. नाव घालायचा मोह होतो, घालू नका.

१ डिसेंबर

पेला ओतण्याआधी पाच मिनिटं थांबायचं, हा वेळ गुरांच्या यकृतातल्या पर्णकृमीसाठी ठरलेला. त्याचं अंडं शंभर मायक्रॉनच्या वर असतं. पण समुद्रकाठच्या पक्ष्यांत हेटेरोफिइड कुळातले इवलेसे पर्णकृमी असतात, त्यांची अंडी तीस मायक्रॉनच्या आसपास. आकार तिसऱ्या हिश्श्यावर आला की तळाला बसायला साधारण दहापट वेळ लागतो. पंधरा सेंटिमीटरच्या पेल्यात मोठं अंडं पाच मिनिटांत खाली जातं, लहानाला पाऊण-एक तास हवा. म्हणजे आम्ही दर वेळी लहान अंडी मोरीत ओतत होतो.

नोव्हेंबरची सगळी मोजणी लहान अंड्यांसाठी बाद. सुदैवाने प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग फॉर्मेलिनमध्ये शिल्लक ठेवला होता, तो पुन्हा बघता येईल. ही सवय लावून घ्या: नमुना कितीही लहान असो, अर्धा मागे ठेवा.

हाताने फिरवायचा सेंट्रिफ्यूज (नमुना गरगर फिरवून अंडी झटपट तळाला बसवणारं यंत्र) मागवला, १,८०० रुपये. येईपर्यंत पेले तासभर ठेवून काम. पाण्यात चिमूटभर मीठ आणि थेंबभर भांडी घासायचं द्रव घातलं की अंडी कडेला चिकटत नाहीत.

१५ डिसेंबर, पौर्णिमा

काल दत्तजयंती, आज उधाणाची सुकती. पहाटे आंजर्ल्याच्या खाडीत चिखल लांबवर उघडा पडला होता. मूळ बेत असा: बंदरातले कुरव लिलावातली टाकाऊ मासळी खातात, खाडीतले चिखलातले किडे, कुर्ल्या आणि लहान मासे. दोघांच्या शिटेतली अंडी वेगळी निघायला हवीत.

हा बेत आज मोडला. खाडीत एक कुरव दिसला, डावा पाय घोट्याशी तुटलेला. संध्याकाळी तोच कुरव हर्णैच्या बंदरात क्रेटवर बसला होता. मुलांपैकी एकीने आधी ओळखला. ओहोटीला चिखलावर, लिलावाला बंदरात, असा त्यांचा दिवस. आम्ही ज्यांना दोन गट म्हणत होतो तो एकच थवा होता.

याहून मोठी अडचण पुढची. शीट पडते ती काही तासांपूर्वीच्या खाण्याची. पण तिच्यातलं अंडं घालणारा जंत आतड्यात कितीतरी आधी शिरलेला असतो आणि वाढून अंडी घालायला लागलेला असतो. काही जंत आठवडेच जगतात, काही महिने. आज सकाळी चिखलात काय खाल्लं, हे आजच्या अंड्यावरून कधीच कळणार नाही. अंडी गेल्या काही आठवड्यांचं खाणं सांगतात.

म्हणून कामाची मांडणी बदलली:
जागांची तुलना बंद. त्याऐवजी महिन्यांची तुलना, नोव्हेंबरचे कुरव आणि फेब्रुवारीचे कुरव.
कालचं खाणं कळण्यासाठी कुरवांनी ओकलेल्या, न पचलेल्या भागांच्या गोळ्या.
बारमाही खाडीत राहणारा पक्षी जोडीला, म्हणजे किनारी बगळा.

महिना वाया गेला असं मुलांना वाटलं. मला तसं वाटत नाही, होडीच्या काठावरचे नमुने महिन्यांच्या तुलनेत जसेच्या तसे उपयोगी आहेत.

३० डिसेंबर

कुरव न पचलेली हाडं-कवचं गोळी करून ओकतात. जुन्या धक्क्याच्या दगडांवर सापडतात. कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवल्या. कुर्लीच्या नांग्या, मांदेलीची हाडं, प्लास्टिकच्या जाळ्याचा तुकडा, आणि कानातले खडे. माशाच्या कानात चुन्याचे खडे असतात, त्यावरून मासा ओळखता येतो.

मुलांनी यादी केली तर ढोमाच ढोमा. होडीचे तांडेल म्हणाले, "एवढा ढोमा जाळ्यात तरी येतो का?" त्यांची शंका बरोबर होती. ढोम्याचा खडा जाड आणि मोठा, पोटातल्या आम्लात टिकतो. बांगड्याचा आणि तारलीचा खडा बारीक, तो विरघळून जातो. म्हणजे गोळ्यांवरून बांगडा खाल्लाच नाही असं दिसेल, आणि ते खोटं असेल. आता गोळीतला ढोमा "होता" एवढंच लिहितो, किती होता ते लिहीत नाही. ओळख पटवायला बाजारातून ढोमा, बांगडा, तारली, मांदेली, बोय आणून उकडली आणि खडे काढून खोक्यात चिकटवले. ही नमुनापेटी करायला एक रविवार पुरतो, आणि मासळी नंतर कालवणाला वापरता येते.

१२ जानेवारी २०२५

किनारी बगळ्यांच्या रातवस्तीखाली ताडपत्री घातली. पहिल्या रात्री भरतीने नेली. दुसऱ्या वेळी कांदळाच्या मुळांना बांधून उंच ठेवली. झाडाला खिळे ठोकले नाहीत, फांदी तोडली नाही. कांदळवनाला संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. त्या वस्तीत छोटे बगळे आणि पाणकावळेही असतात, त्यामुळे अंधार पडेपर्यंत कोणत्या फांदीवर कोण बसतं ते कागदावर काढावं लागतं. पाणकावळ्यांच्या फांदीखालचं काही घेतलं नाही.

सेंट्रिफ्यूजने सगळं बदललं. बगळ्यांच्या बहुतेक नमुन्यांत लहान, पिवळसर, झाकणवाली अंडी, तीस मायक्रॉनच्या आत-बाहेर. मोठी क्वचित.

एक सावधगिरी. पक्ष्याने खाल्लेल्या माशाच्या पोटातल्या जंतांची अंडीही पक्ष्यातून जशीच्या तशी बाहेर पडू शकतात. बंदरात कुरव कोंबडीची आतडी खातात, मग कोंबडीच्या जंतांची अंडी कुरवाच्या शिटेत दिसतील आणि आपण कुरवाला जंत झाला म्हणून मोकळे होऊ. एखाद-दुसरं अंडं एखाद्याच नमुन्यात दिसलं तर त्यावर काही उभारू नये. तेच अंडं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पक्ष्यांत परत परत दिसलं तर विचार करावा.

सुरयांची (टर्न पक्ष्यांची) शीट जवळपास मिळालीच नाही. ते पाण्यावर सूर मारतात आणि दूरच्या खांबावर बसतात. एका नमुन्यात सहा आकडे (हुक) असलेलं पिल्लू आत असलेलं अंडं दिसलं, म्हणजे फीतकृमी. टेट्राबोथ्रियस हा समुद्रपक्ष्यांत आढळणारा फीतकृमींचा वंश, पण सहा आकडे इतर फीतकृमींतही असतात. नोंद "फीतकृमी" एवढीच.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून मुलं थेट खाडीवर आली. लहान अंड्यांचा माग गोगलगायीपर्यंत लावता येतो का? कांदळाखालच्या चिखलात शंकूच्या आकाराच्या काळपट गोगलगायी ढिगाने असतात. ओंजळभर आणून एका वाडग्यात खाडीच्या पाण्यात, उन्हात ठेवल्या. तासाभरात पाण्यात शेपटीवाली पिल्लं वळवळताना भिंगातून दिसली. पण कोणत्या गोगलगायीतून आली? सगळ्या पुन्हा वेगळ्या कराव्या लागल्या: एकेका कागदी कपात एक गोगलगाय, दोन बोटं पाणी. बहुतेक कप रिकामे, थोड्यांत पिल्लं. नळाचं पाणी घालू नका, पिल्लं लगेच मरतात. हात बुडवू नका, काही जातींची पिल्लं कातडीत शिरून खाज आणतात. काम झाल्यावर गोगलगायी उचलल्या त्याच जागी परत सोडल्या.

मुलांनी विचारलं, मासा सोडून जंत पक्ष्याकडे जातो कसा? कॅलिफोर्नियातल्या खाडीत याच कुळातल्या गोगलगायीतून निघणारा एक पर्णकृमी किलीफिश माशाच्या मेंदूवर जाऊन बसतो. मासा अंग चमकवत पृष्ठभागाजवळ वळवळतो आणि पक्ष्याच्या तोंडी सापडतो. लॅफर्टी आणि मॉरिस यांनी १९९६ मध्ये दाखवलं की जंत असलेले मासे पक्ष्यांकडून दहा ते तीस पट जास्त खाल्ले जातात. आपल्या खाडीत असं होतं का, हे मुलांना आता बघायचं आहे. बोयची पिल्लं त्यासाठी सोयीची ठरतील.

४ फेब्रुवारी

या नोंदीतलं सर्वांत महत्त्वाचं काम नुकतंच झालं, आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली झालं नाही. "कॉलेजच्या बाईंना मासळीत किडे सापडले" अशी बातमी बंदरात पसरली. मावशींनी बोलावून घेतलं. "बाई, तुम्ही होडीचा काठ मागितलात, दिला. आता गिऱ्हाईक विचारतंय किडे आहेत का. आमच्या पोटावर का पाय देता?"

त्यांना जे सांगितलं ते इथे लिहिते, कारण असं काम करणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावं लागेल. आम्ही पक्ष्यांच्या शिटेत बघतो, विक्रीच्या मासळीत नाही. समुद्रातल्या आणि खाडीतल्या माशांत जंतांची पिल्लं जगभर असतात, नवं काही नाही. आपल्याकडे मासळी शिजवून, तळून खातात, त्यात ती मरतात. धोका कच्च्या मासळीचा. पक्ष्यांत जंत असणं हे खाडी मेली नसल्याचंही लक्षण आहे: गोगलगाय, मासा, कुर्ली, पक्षी ही साखळी कुठे तुटली तर जंतही टिकत नाहीत.

मावशी संध्याकाळपर्यंत ऐकत बसल्या, मग शेजारच्या बायकांना त्यांनीच समजावलं. दुसऱ्या दिवशी मुलांनी बंदरात सूक्ष्मदर्शक मांडला आणि ज्याला बघायचं त्याला अंडं दाखवलं. हे नोव्हेंबरमध्येच करायला हवं. परवानगी मागतानाच सूक्ष्मदर्शक सोबत न्या.

१८ फेब्रुवारी

नोव्हेंबरचे मागे ठेवलेले अर्धे नमुने सेंट्रिफ्यूजने पुन्हा बघून झाले. आता महिने शेजारी शेजारी ठेवता येतात. नोव्हेंबरच्या कुरवांत मोठी झाकणवाली अंडी वारंवार, लहान थोडी. फेब्रुवारीत मोठी विरळ झालेली, लहान पिवळसर वाढलेली, आणि ती आकाराने बगळ्यांच्या अंड्यांशी जुळतात. लडाख-तिबेटकडून आणलेले जंत मरत गेले आणि इथल्या खाडीतले लागले, असा अर्थ लागू शकतो. जुळणारा आकार म्हणजे तीच जात असं मात्र नाही. ते प्रौढ जंत किंवा डीएनए बघूनच ठरेल.

अंडी दर ग्रॅमला किती, हे आम्ही मोजलं. एक ग्रॅम शीट, चौदा मिलिलिटर द्रव, मॅकमास्टर काचेच्या (अंडी मोजायची खाने असलेली काच) दोन्ही खान्यांतली बेरीज गुणिले पन्नास. पण ते आकडे इथे देत नाही. शिटेत पाणी आणि युरिक आम्ल किती यावर ग्रॅमचा अर्थ बदलतो, आणि ताज्या नमुन्याचा आकडा फॉर्मेलिनमधल्या नमुन्याशी जुळत नाही. "किती नमुन्यांत दिसलं" एवढंच तुलनेला धरावं.

१६ मार्च

होळी झाली. कुरवांच्या डोक्यावर तपकिरी रंग चढला आहे, थवे रोज कमी होतायत. तुटक्या पायाचा कुरव आठवडाभर दिसलेला नाही.

खर्च साधारण अकरा हजार, त्यातला मोठा वाटा सूक्ष्मदर्शकाचा आणि सेंट्रिफ्यूजचा. पेट्रोल वेगळं. सर्वांत जास्त वेळ शीट कोणाची हे ठरवण्यात गेला.

पुढच्या हिवाळ्यासाठी ठरलेलं: पहिला कुरव दिसल्यापासून दर पंधरवड्याला त्याच होडीच्या काठावरून नमुना. सुरुवातीपासून सेंट्रिफ्यूज. अल्कोहोलसाठी कॉलेजच्या नावाने परवान्याचा अर्ज, म्हणजे डीएनए करणाऱ्या प्रयोगशाळेला नमुने देता येतील. बगळ्यांची वस्ती पावसाळ्यातही बघायची, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा बंदरातली टाकाऊ मासळी थांबते आणि बगळा केवळ खाडीवर जगतो. ताडपत्री बांधायच्या दोऱ्या आत्ताच नायलॉनच्या घेऊन ठेवल्या आहेत.